मस्टँग जीटीला सुपरचार्जर लावायचाय, इंजिन टिकंल का?

एमएच०९_व्ही८:
मंडळी, २०१७ ची मस्टँग जीटी आहे, ५.० लिटर व्ही८, ऑटोमॅटिक, इंजिन अजून उघडलेलं नाही. बाहेरून सुपरचार्जर किट (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप) मागवायचा विचार चाललाय, बूस्ट, म्हणजे त्या हवेचा जादा दाब, ६ पीएसआयच्या वर नेणार नाही. विकणारा म्हणतोय बिनधास्त लावा, पण घरचे म्हणतात पुण्याला जाताना वाटेत बसली म्हणजे? जाळ अन् धूर संगटच हे बोलायला बरं वाटतं, मला इंजिन जाळायचं नाही. आधी काय काय करून घेऊ?

उद्यमनगरकर:
भावा, किट सगळ्यात शेवटी. आधी आठही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (दाब किती बनतो) अन् लीकडाऊन (दाब कुठं गळतो का) बघून घे, एक जरी कमी दाखवत असेल तर विषय बंद. ह्या इंजिनचा कॉम्प्रेशन रेशो मुळातच ११:१, त्यावर ६ पीएसआय म्हणजे साधारण ४० टक्के जादा हवा कोंबणार, मग तेवढं पेट्रोल पण पोचायला पाहिजे का नको? मोठे इंजेक्टर, ताकदीचा पंप, इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा) अन् डायनोवर, म्हणजे गाडी जागेवर पळवून ताकद मोजणाऱ्या मशीनवर, केलेलं ट्यून (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग), यातलं एक जरी राहिलं तर गाडी बूस्टवर न्यायची नाही. ईमेलनं आलेली ट्यून फाईल टाकून लगेच फुल थ्रॉटल मारणारे लई बघितलेत.
स्पार्क प्लग हीट रेंजमध्ये एक नंबर थंड टाक, गॅप ०.९ मिमीच्या आत, नाहीतर बूस्टमध्ये ठिणगी विझते. डायनोवर पहिले रन झाले की प्लग काढून भिंगातून बघ. पांढऱ्या भागावर मिरपूड टाकल्यासारखे काळे ठिपके किंवा चमकणारे बारीक कण दिसले की नॉक होतंय, म्हणजे पेट्रोल भलत्या वेळी आपोआप भडकतंय, ते कण पिस्टनचं अॅल्युमिनियम असतंय.

शिरोली_नाका:
वरचं सगळं बरोबर, पण ऑइल पंपाचे गिअर राहिले. कोयोट इंजिनात (तुमचं ५.० व्ही८ तेच) ते धातूची पावडर दाबून केलेले असतात, क्रँकवर बेल्टचा ताण वाढला अन् वर आरपीएम लिमिटरवर आदळत राहिलात तर फुटतात, मग ऑइल प्रेशर शून्य. पुढचं कव्हर उघडावं लागतं म्हणून लोक टाळतात. बिलेट स्टीलचे, म्हणजे अखंड स्टीलमधून कापलेले, बसवा. आपल्या उद्यमनगरात कुणीही पाडून देईल हो, पण इथं तो नाद नको, टेस्ट झालेलाच सेट घ्या. अन् किट उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत बसतं का ते पैसे द्यायच्या आधी विचारा, ऑस्ट्रेलियावाल्यांना हा प्रश्न रोजचा.

एमएच०९_व्ही८:
गिअरचं खरंच माहीत नव्हतं. पेट्रोल ९५ ऑक्टेनचं चालंल का? आणि आरटीओचं काय?

रंकाळा_रिटर्न:
आरटीओचं स्पष्ट सांगतो, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे अन् २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं पण ते उचलून धरलंय. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल चालत नाहीत. उद्या काही झालं तर इन्शुरन्सवाले बॉनेट उघडूनच क्लेमवर बोट ठेवणार. माझं मत, गाडी रोजच्या रस्त्यावर फिरणार असेल तर लावूच नको, ट्रॅकसाठी ठेवणार असशील तर गोष्ट वेगळी.

उद्यमनगरकर:
त्याचं म्हणणं खोटं नाही, ठरव तूच. पेट्रोल ९५ चालंल, पण ट्यून १०० वर करून घेतलं अन् निपाणीत साधं भरलं असं नको. जे कायम मिळतं त्यावरच ट्यून. ट्यूनरला हवा-पेट्रोलचं मिश्रण लॅम्डामध्ये (१ म्हणजे नेमकं, त्याच्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त) बघायला सांग, बूस्टमध्ये ०.८ च्या आसपास, कारण इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा हे गणित लागू होत नाही. अजून एक, हंगामात उसाच्या ट्रॉलीमागं रांगत आलास की इंटरकूलरचं पाणी तापलेलं असतंय, रस्ता मोकळा दिसला म्हणून लगेच पाय दाबू नको, इनटेकचं टेंपरेचर खाली येऊ दे. डायनोला येशील तेव्हा टाकी तुझ्या नेहमीच्या पंपावर भरून ये.