मदत हवी आहे: २५ हजारात हलका लॅपटॉप

मंडळी, पेडणे ते पणजी रोज बसने जाते, बरेचदा उभ्यानंच, त्यामुळे लॅपटॉप सव्वा किलोच्या आसपासच हवा. बजेट २५ हजार, वर जाणं शक्य नाही. काम टॅली आणि एक्सेलचं, गेम्स-एडिटिंग काही नाही. नवीन बघितले पण या पैशात मिळतात ते जड किंवा ४ जीबी रॅमवाले, क्रोमबुकवर टॅली थेट इन्स्टॉल होत नाही म्हणून तेही बाद. आता सेकंडहँड थिंकपॅड एक्स२८० की डेल लॅटिट्यूड ७३९० यात अडकलेय, दोन्हीत आठव्या जनरेशनचा इंटेल प्रोसेसर मिळतो म्हणजे विंडोज ११ चालतं, पण एक्स२८०ची रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली, नंतर वाढवता येत नाही. ८ जीबी पुरेल का? आणि आमच्या पावसात पोर्टच्या पिनांवर हिरवट थर चढतो, तर जुना घेताना बॅटरी सोडून आणखी काय काय उघडून बघायचं?