मदत हवी आहे: रफ कॉली (लांब केसांची कुत्र्याची जात) मादीच्या पहिल्या विणीसाठी नर कोणता?

मादी अडीच वर्षांची, सेबल (सोनेरी-तपकिरी), पण ट्रायकलरचा (काळा-पांढरा-तांबूस) जीन वाहणारी. केसीआय (केनेल क्लब ऑफ इंडिया) नोंदणी, मायक्रोचिप, खुब्याचा एक्स-रे झालेला. डीएनए: सीईए (डोळ्यांचा आनुवंशिक दोष) कॅरियर (एक प्रत सदोष, स्वतःला त्रास नाही), एमडीआर१ची (दोन्ही प्रती सदोष असल्या तर आयव्हरमेक्टिनसारखी काही औषधं विषारी ठरतात, तो जीन) एक प्रत सदोष.

पहिला नर ट्रायकलर, सीईए क्लिअर, पण एमडीआर१च्या दोन्ही प्रती सदोष. डोळ्यांचा प्रश्न मिटतो, पण सरासरी निम्म्या पिल्लांच्या दोन्ही प्रती सदोष. आपल्याकडे गोचीड दिसला की आयव्हरमेक्टिन टोचतात, त्यामुळे ही भीती नुसती कागदावरची नाही.

दुसरा ब्लू मर्ल (निळसर-करडा, काळ्या ठिपक्यांचा). सीईए कॅरियर, एमडीआर१ची एक प्रत सदोष. दोन्ही दोषांचा २५-२५ टक्के धोका. शिवाय पाव हिस्सा पिल्लं सेबल मर्ल. हा रंग जातीच्या मानकात नाही, आणि मोठेपणी बरेचदा ओळखू येत नाही. पुढे कुणी नकळत दुसऱ्या मर्लशी जुळवलं तर बहिरी-आंधळी पिल्लं होऊ शकतात.

दोन्ही नर नात्यातले नाहीत. बाहेरून वीर्य मागवणं बजेटबाहेर. पिल्लांची सहाव्या-सातव्या आठवड्यात डोळेतपासणी आणि एमडीआर१ चाचणी करूनच देणार. माझा कल पहिल्याकडे.

पिल्लासोबत चाचणीचा रिपोर्ट आणि वर्ज्य औषधांची यादी देणं पुरेसं ठरतं का, की तिसऱ्या नरासाठी हा माज सोडून द्यावा?