चादरीच्या लेबलासाठी ठळक अक्षर

प्रश्न : सोलापुरात आमचा चादरींचा छोटा कारखाना आहे. लेबलावर मराठी आणि इंग्रजी नाव ठळक, जाड-बारीक रेषांच्या एकाच वळणात हवे आहे. कोणता फॉन्ट घ्यावा?

उत्तर : इंडियन टाइप फाउंड्रीचा, २०१४ मधील ‘रोझा वन’ पाहावा, तो मुक्त परवान्याचा (म्हणजे मोफत वापरता येणारा) असून त्यात दोन्ही लिप्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या जाहिरातींसाठी घडलेल्या ‘फॅट फेस’ म्हणजे अतिशय ठळक अक्षरांचे हे वळण मुळातच मथळ्यांसाठी आहे, त्यामुळे पत्ता आणि धुण्याच्या सूचना साध्या अक्षरातच द्याव्यात.

उत्तर : लेबल विणलेले असेल, तर केसाएवढ्या बारीक रेषा धाग्यांत हरवतात. आधी खऱ्या आकाराचा नमुना विणून घ्यावा, ही कळकळीची विनंती.

प्रश्नकर्ता : लेबल विणलेलेच आहे, नमुना करून घेतो.