आजाऱ्यांच्या समाचाराला जाताना : मंडळीतील अनुभव

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 25व्या अध्यायातील आजाऱ्याचा समाचार घेण्याविषयीचे वचन आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. समाचाराला गेल्यावर प्रत्यक्ष काय करावे, हे मात्र मला आईच्या आजारपणात कळले : मंडळीतील, म्हणजे आमच्या चर्चमधील, स्त्रियांनी आधी आमच्या स्वयंपाकघरातील भांडी घासली आणि मग त्या प्रार्थनेला बसल्या. आपापले अनुभव, झालेल्या चुकांसह, येथे लिहावेत ही विनंती.

वसई : रविवारच्या मिस्सानंतर (चर्चमधील मुख्य उपासनेनंतर) अंथरुणाला खिळलेल्यांना आम्ही काही जण घरी कम्युनियन, म्हणजे मिस्सातील पवित्र भाकरीचा प्रसाद, नेऊन देतो, महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी स्वतः फादर येतात. अर्धांगवायू झालेल्या एका आजींना कोरडे काही गिळता येत नसे, म्हणून प्रसादाचा अगदी बारीक कण चमचाभर पाण्याबरोबर द्यायला फादरांनी मला शिकवले. एकदा त्यांची चादर सारखी करताना माकडहाडाजवळची कातडी लाल झालेली दिसली. घरच्यांची हयगय नव्हती; सून पहाटेच वाडीतली भाजी घेऊन मुंबईची गाडी पकडत असे आणि मुलगा कामावर असे. परिचारिका असलेल्या आमच्यातल्याच एका बाईंनी दर 2 तासांनी कूस कशी बदलावी ते दाखवले, शेजारच्या घरांनी दुपारच्या पाळ्या वाटून घेतल्या आणि जखम होण्याचे टळले. 11 फेब्रुवारीला, लूर्द मातेच्या सणादिवशी, जागतिक रुग्णदिन असतो. त्या वर्षी आम्ही आजींना खुर्चीतून चर्चमध्ये नेले. तेथे फादर प्रार्थना करत रुग्णांच्या कपाळाला आणि मग हातांना तेल लावतात; कपाळाला लावून झाल्यावर आजींनी चालता हात आपणहून पुढे केला.

मिरज : डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये येथे रुग्णालय काढले, तेव्हापासून परगावचा रुग्ण आमच्या गावाला नवा नाही. त्यांच्या नातेवाइकांना डबा देणे आमच्या महिला मंडळाच्या अंगवळणी पडले आहे. तरुणपणी एका रुग्णाच्या उशाशी मी मोठ्याने, लांबलचक प्रार्थना केली आणि शेजारच्या खाटेवर नुकताच डोळा लागलेला माणूस जागा होऊन कण्हू लागला. आधी विचारावे, आवाज त्या रुग्णापुरताच ठेवावा, असे पाळकसाहेबांनी मला बाहेर आल्यावर समजावले.

अहिल्यानगर : क्षयरोग झालेल्या एका तरुणासाठी, याकोबाच्या पत्रात सांगितल्याप्रमाणे, मंडळीच्या वडिलांनी (मंडळीची जबाबदारी सांभाळणाऱ्या वडीलजनांनी) तेल लावून प्रार्थना केली. खोकला कमी होताच त्याने दुसऱ्याच महिन्यात गोळ्या सोडल्या, आणि आमच्यापैकी काहींनी त्याला ही विश्वासाची साक्ष असल्याचे सांगितले. ही आमची गंभीर चूक होती. हे उपचार साधारणपणे 6 महिने चालतात आणि मध्येच सोडल्यास रोगजंतू औषधांना दाद देईनासे होऊ शकतात. तो पुन्हा आजारी पडला व दुसऱ्या खेपेचे उपचार बरेच लांबले. आता प्रार्थनेला गेलेले मंडळीचे वडीलच गोळ्यांचे पाकीट पाहायला मागतात.

पुणे : मी स्वतः रुग्ण आहे. आठवड्यातून तीनदा डायलिसिस असते. सोमवारी मंडळीतील एक गृहस्थ मला गाडीतून नेतात, 4 तास बाहेर बसून राहतात आणि परतताना आजाराचा विषय न काढता पावसापाण्याचे बोलतात. बुधवार-शुक्रवारची पाळी इतरांची असते. मी सोमवारची वाट पाहतो.