लक्ष्मणझुल्यावर आपण कसे चाललात?

गोदाकाठची (नांदेड)
माळ्यावरची पेटी आवरताना १९९४ सालचा फोटो सापडला. ऋषीकेशच्या लक्ष्मणझुल्यावर माझी माय डोळे मिटून उभी आहे आणि बाजूच्या लोखंडी गजावरची तिची मूठ पांढरी पडली आहे. हाच पूल धोकादायक ठरवून बंद करण्याचा निर्णय जुलै २०१९ मध्ये झाला, हे मी तिला शेवटपर्यंत कळू दिले नाही. "हालतो म्हणजे पडणारच" हे आपले भाकीत खरे ठरल्याचे तिने गल्लीभर सांगितले असते. आपलेही अनुभव लिहावेत.

लातूरकर
आम्ही मे २०१६ मध्ये गेलो, तेव्हा लातुरात मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते. समोरचे तेरा मजली मंदिर सोडून बाबा पुलाच्या मधोमध खालच्या गंगेकडेच पाहत राहिले. मागे दुचाकीवाला हॉर्न वाजवत होता, तरी त्यांनी वाट सोडली नाही. "एवढं पाणी, अन् नुसतंच चाललंय," एवढेच ते म्हणाले.

अंबाजोगाईची सून
माझी आठवण धपाट्यांची आहे. सासूबाईंनी शिदोरीचे फडके सोडले आणि तारेवरून उतरलेल्या वानराने ते चटणीसकट नेले. तिखट लागल्यावर त्याने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मी विसरलेले नाही.

निवृत्त अभियंता (परभणी)
मातोश्रींचे निदान चुकले होते, राग नसावा. झुलत्या पुलाचे हालणे हा दोष नव्हे. चालणाऱ्यांचा भार लोंबत्या सळ्यांतून वरच्या तारदोरांवर, तेथून मनोऱ्यांवर आणि काठावरच्या पक्क्या बांधणीत उतरतो, म्हणूनच ४५० फुटांचा गाळा पात्रात एकही खांब न घेता पेलता येतो. येथला १८८९ चा लोखंडी दोरांचा पूल १९२४ च्या पुरात वाहून गेला, त्यानंतरचा हा पूल १९३० मध्ये खुला झाला. वाट जेमतेम सहा फुटांची, आणि तीवर माणसे, गायी, दुचाकी अशी गर्दी जवळपास नव्वद वर्षे चालली. थकला तो त्यामुळे.

गोदाकाठची (नांदेड)
साहेब, माय असती तर तिने एवढेच विचारले असते, की आपण गज न धरता पलीकडे गेलात काय?

निवृत्त अभियंता (परभणी)
धरला होता. दोन्ही हातांनी.