शेतघरातल्या शेगडीसाठी जळतण: कोणते लाकूड, केव्हा तोडावे आणि कसे फोडावे?

प्रश्न: काटोलरोडचा शेतकरी

मंडळी, नमस्कार.

नागपूरहून काटोल रस्त्याने तासाभराच्या आत पोचता येईल अशा ठिकाणी आमचे शेतघर आहे. नागपूर म्हटले की बाहेरच्यांना फक्त उन्हाळा आठवतो. पण २९ डिसेंबर २०१८ रोजी शहराचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता आणि उघड्या वावरात त्याहून जास्त बोचते, हे इथल्यांना सांगायला नको. आई-बाबा हिवाळ्याचे दोन महिने तिथेच राहतात, म्हणून गेल्या वर्षी बैठकीत लोखंडी शेगडी बसवून तिचे धुराडे छपरातून बाहेर काढले. न्हाणीघरात तांब्याचा बंब पूर्वीपासून आहेच.

पहिल्या वर्षी जळतण एका टालीवरून क्विंटलच्या भावाने आणले. वरून ते वाळलेले दिसत होते, सालही सुटत होती. परंतु शेगडीत टाकले की दुसऱ्या टोकाला फेस येई, चरचर आवाज होई आणि ऊब मिळण्याआधी सगळ्यांचे डोळे चुरचुरत. या आठवड्यात धुराडे उतरवून पाहिले, तर आत डांबरासारखा चिकट, काळा थर बसलेला आहे.

म्हणून पुढच्या हिवाळ्यासाठी घरचेच लाकूड वापरायचे ठरवले आहे. नव्या विहिरीच्या जागेत येणाऱ्या बांधावरच्या दोन बाभळी, वादळात उन्मळून पडलेला एक मोठा कडुनिंब आणि डिंक्या रोगामुळे काढून टाकावी लागलेली संत्र्याची साठेक झाडे, एवढा माल हाताशी आहे. यांपैकी बैठकीत काय जाळावे आणि बंबाला काय ठेवावे? तुकडे किती लांबीचे करावेत? लाकूड ओले असतानाच फोडावे की वाळल्यावर, याबद्दल गावात दोन तट आहेत, आणि दोन्हीकडचे लोक तितक्याच खात्रीने बोलतात.

उत्तर १: जुना सुतार

दादा, झाडाच्या जातीची चिंता तुम्ही थोडी जास्त आणि पाण्याची थोडी कमी करत आहात. कोणतेही लाकूड पूर्ण वाळले की किलोमागे जवळपास सारखीच उष्णता देते. फरक असतो तो वजनाचा. धावडा किंवा बाभळीसारख्या जड लाकडाचा एक तुकडा शेगडीत तासभर निखारा धरून राहतो, तर तेवढ्याच आकाराचा सावरीचा तुकडा भुर्रकन जळून जातो. म्हणून रात्रभर ऊब टिकवायला जड लाकूड आणि विस्तव धरायला हलके लाकूड हवे, एवढाच जातीचा प्रश्न आहे. बाकीचा सगळा प्रश्न ओलाव्याचा आहे.

ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या साधारण निम्मे पाणीच असते. तुमच्या टालीवरच्या एका क्विंटलमध्ये ४५ किलो पाणी होते असे धरले, तर खरे लाकूड ५५ किलोच राहिले. तेच लाकूड १५ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवले असते तर त्याचे वजन ६५ किलोच भरले असते. म्हणजे उरलेल्या ३५ किलो पाण्याचे पैसे तुम्ही मोजलेत, आणि वर ते पाणी उकळून वाफ करण्यासाठी त्याच लाकडाची उष्णता खर्च केलीत. टोकाला येणारा फेस ती हीच वाफ. आच थंड राहिल्यामुळे धूर पूर्ण जळत नाही आणि गार धुराड्यात जाऊन चिकटतो. तो थर स्वतः पेट घेऊ शकतो, तेव्हा तो खरवडून काढल्याशिवाय आता एकही दिवस शेगडी पेटवू नका.

फोडण्याबाबत माझे मत स्पष्ट आहे: ओले असतानाच फोडावे, आणि बाभूळ तर नक्कीच. ओली बाभूळ घाव बसला की सरळ रेषेत फाटते. वर्षभर पडलेली बाभूळ म्हणजे लोखंड, कुऱ्हाड उडून परत येते. शिवाय पाणी साल भेदून फारसे बाहेर पडत नाही, ते कापलेल्या टोकांतून आणि फोडलेल्या अंगातून जाते. अख्खा ओंडका वर्षभर ठेवला तरी आतून ओलाच राहतो, आणि सालीखाली भुंगा लागून रोज पिठासारखा भुसा पडतो तो वेगळाच.

नागपूरकरांना एक सोय अशी आहे की जी कामे थंड मुलखात दोन-दोन वर्षे चालतात ती इथे एका उन्हाळ्यात होतात. सध्या माघ चालू आहे. फाल्गुन संपायच्या आत तोडून, कापून, फोडून रचून टाका. मार्च ते मे या तीन महिन्यांतला कोरडा वारा आणि चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांचे ऊन यांच्यापुढे मनगटाएवढी फाळकी मृग लागेपर्यंत वाळून जातात. मृगाआधी ती छपराखाली गेलीच पाहिजेत. पावसाळ्यात छपराखालचे लाकूडही हवेतून थोडा ओलावा ओढून घेते, पण तो ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा निघून जातो.

लांबीचे म्हणाल, तर शेगडीच्या आतल्या लांबीपेक्षा चार बोटे कमी ठेवा. दार लावताना लाकूड अडले की माणूस दार उघडे ठेवतो आणि धूर घरात येतो. फोडताना ठोकळा गुडघ्याएवढा उंच घ्या. तोडायची कुऱ्हाड फोडायला वापरू नका. तिचे पाते पातळ असते, ते रुतून बसते. फोडायला जाड, पाचरीसारख्या डोक्याची जड कुऱ्हाड लागते. मोठ्या बुंध्याच्या मध्यावर घाव घालून काही होत नाही. टोकाला जी भेग आधीच दिसते तिच्या रेषेत, कडेपासून फाळके सोलत यावे. गाठ असेल तो भाग खाली किंवा बाजूला ठेवावा. ठोकळ्यावर जुने टायर ठेवून त्यात ओंडका उभा केला तर फाळकी इकडेतिकडे उडत नाहीत आणि प्रत्येक घावानंतर वाकावे लागत नाही. साठीनंतर या गोष्टीची किंमत कळते. कुऱ्हाड अडकली तर तिच्या डोक्यावर घण मारू नका, लोखंडाची कपची उडून डोळ्यात जाते. त्यासाठी वेगळी पाचर ठेवा, आणि चष्मा लावा.

उत्तर २: रामटेककडची

भाऊ, आमच्याकडे चूल आणि बंब दोन्ही रोज पेटतात, म्हणून अनुभवाचे सांगते.

संत्र्याचे लाकूड लहान असले तरी चिवट आणि जड असते, निखारा छान धरते. ते बैठकीला ठेवा. फक्त बुंध्याला बोर्डोचा (मोरचूद-चुन्याचा) लेप लावलेला असेल तर तेवढी साल छिलून टाका, मोरचूद लागलेली साल मी तरी बंद घरात जाळणार नाही. कडुनिंबाचा धूर कडवट असतो. तो न्हाणीघरात चालून जातो, बैठकीत सासूबाईंना चालत नाही. विस्तव धरायला तुराट्या आणि पऱ्हाट्यांसारखे (तुरीच्या आणि कपाशीच्या वाळलेल्या काड्या) दुसरे काही नाही, त्यांची एक मोळी कोरडी ठेवाच.

सरपणात दुसरी लाकडे मिसळून येतात, त्यांच्यावर नजर ठेवा. बिब्ब्याचे लाकूड कुणी ओळखले नाही आणि फोडायला घेतले, तर त्याच्या चिकाने हातावर फोड येतात आणि धुरानेही त्रास होतो. कण्हेर जाळू नये. रंग दिलेल्या जुन्या चौकटी आणि प्लायवूडही नको. उंबर आमच्याकडे कुणी चुलीत घालत नाही, होमाच्या समिधांची गोष्ट वेगळी.

आणखी एक म्हणजे रात्री निखारे असताना दारे-खिडक्या गच्च बंद करून झोपू नका, आई-बाबांना तर हे दोनदा सांगा. निखाऱ्यांचा वायू दिसत नाही, वासही येत नाही, आणि झोपेतल्या माणसाला जाग येत नाही. एक झडप बोटभर उघडी राहू द्या.

उत्तर ३: कागद आधी

फोडण्याआधी तोडण्याचे पाहावे, म्हणून थोडक्यात लिहितो. खासगी जमिनीवरच्या ठरावीक झाडांच्या तोडीला राज्याचा १९६४ चा कायदा लागू आहे; साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ ही त्या यादीतली नावे आहेत. बाभूळ आणि संत्रा त्यात नसले तरी लाकूड रस्त्याने वाहून न्यायचे असेल, तर तलाठी आणि वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारून घ्या. ट्रॅक्टर नाक्यावर अडल्यानंतर विचारण्यापेक्षा ते स्वस्त पडते. महापालिकेच्या हद्दीत मात्र १९७५ चा नागरी वृक्षसंवर्धनाचा कायदा आहे आणि परवानगी वृक्ष प्राधिकरणाकडून घ्यावी लागते, हे शहरात अंगण असलेल्या वाचकांसाठी.

काटोलरोडचा शेतकरी

सर्वांचा आभारी आहे. तलाठ्यांना विचारून पहिली बाभूळ काल पाडली. सुतारकाकांचे म्हणणे खरे निघाले: ओली बाभूळ फोडताना टायरमधला एक ओंडका चार घावांत आठ फाळक्यांचा झाला, आणि आतला लालसर गाभा ओलसर चमकत होता. कडुनिंबाने मात्र दमवले. कुऱ्हाड शिरते, पण लाकूड फाटत नाही. तंतू एकमेकांत विणल्यासारखे निघतात आणि फाळके शेवटपर्यंत सुटत नाही. शिवाय एक शंका आहे. मृगापर्यंत लाकूड वाळले की नाही हे ओळखायचे कसे? गेल्या वर्षी सालीवरूनच फसलो.

जुना सुतार

कडुनिंबाच्या रेषा उलटसुलट असतात, त्याच्याशी झुंजू नका. आरामशीनवर नेऊन वीतभर लांबीचे तुकडे करून आणा. तुकडा आखूड झाला की तेच लाकूड मुकाट्याने फुटते, आणि बंबाच्या नळीत तसेही लांब लाकूड जात नाही. गाठाळ बुंधा फोडूच नका, अंगणात बसायला ठेवा.

वाळल्याची परीक्षा दोन प्रकारे होते. दोन फाळकी एकमेकांवर आपटा. ओली असतील तर थप असा आवाज येतो, वाळली की टणटण वाजतात. पण आवाजावर भरवसा नसेल तर तराजू घ्या. रचाईच्या मधल्या थरातली तीन फाळकी निवडून त्यांवर खडूने आकडे टाका आणि दर रविवारी भाजीच्या काट्यावर वजन करून भिंतीवर लिहीत जा. सुरुवातीला वजन भराभर उतरेल, मग हळू. दोन रविवार आकडा हलला नाही की झाले. कडेची फाळकी मोजू नका, ती नेहमीच लवकर वाळतात आणि माणसाला खोटा धीर देतात.

रचाई जमिनीवर करू नका, उधई लागते. खाली विटा आणि त्यांवर दोन बल्ल्या टाका, फाळक्यांची टोके वाऱ्याच्या दिशेला ठेवा आणि झाकायचे असेल तर फक्त माथा झाका. चारही बाजूंनी ताडपत्री गुंडाळलेली रचाई मी एकदा आषाढात उघडली होती; आत पांढरी बुरशी आणि अळंबी उगवली होती.