‘लास्ट राइट्स’ म्हणजे अंत्यसंस्कारच ना? (मी केनेडींना १९५४ सालीच पोचवून बसले आहे)

मधुरा_पुणे

मंडळी, हसायचं ते आधी हसून घ्या आणि मग मदत करा.

मी इंग्रजी माहितीपटांची मराठी उपशीर्षकं करते. नऊ वर्षं झाली. सध्या अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांच्यावरची एक मालिका हातात आहे. तिच्या दुसऱ्या भागात निवेदक सांगतो, १९५४ च्या ऑक्टोबरात पाठीची शस्त्रक्रिया झाली, मग जंतुसंसर्ग झाला, केनेडी बेशुद्ध पडले, आणि ‘ही रिसीव्ह्ड द लास्ट राइट्स’. रात्रीचे साडेअकरा वाजलेले. हाताला सवय होती तसं लिहून टाकलं, ‘त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले’. फाइल गेली. तपासणाऱ्यांच्याही नजरेतून सुटली.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडची प्रत सासऱ्यांना दाखवत होते. माझे पहिले प्रेक्षक नेहमी तेच. बाबांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, “अगं, चोपन्न साली याला पोचवलं, मग साठ साली निवडून कोण आला?”

पुढे तर शपथविधी, क्यूबा, डॅलसमधली हत्या, सगळंच आहे. अंत्यसंस्कार झालेला माणूस नऊ वर्षं हिंडतोय.

फाइल परत मागवली आहे, उद्या दुपारपर्यंत दुरुस्त करून द्यायची आहे. म्हणून प्रश्न असे. एक, लास्ट राइट्स म्हणजे नक्की काय? आपल्याकडची इंग्रजी वर्तमानपत्रं तर रोज ‘लास्ट राइट्स’ छापतात आणि खाली चितेचा फोटो असतो. दोन, ‘राइट’ हा शब्द ‘रिच्युअल’ आणि ‘सेरेमनी’पेक्षा वेगळा कसा? आणि तीन, सगळ्यात महत्त्वाचा, मराठीत काय लिहू? पडद्यावर दोन ओळी आणि साधारण तीन सेकंद मिळतात. तळटीप देता येत नाही.

(बाबांची सूचना : ‘गंगाजल घालून झालं होतं.’ कॅथलिक केनेडींना गंगाजल! पण सूचना वाटते तितकी वेडी नाही, असं आता वाटायला लागलंय.)

---

निवृत्त_उपसंपादक

मधुराताई, तुमच्या हातून झालं ते आमच्या डेस्कवर वर्षानुवर्षं झालं. फक्त आमचे मृत लोक खरोखरच मृत असायचे, म्हणून पकडले गेलो नाही.

रात्रपाळीला वृत्तसंस्थेची तार यायची, ‘लास्ट राइट्स परफॉर्म्ड विथ फुल स्टेट ऑनर्स’. डोकं न चालवता हात लिहायचा, ‘शासकीय इतमामात अंत्यसंस्कार करण्यात आले’. ते बरोबरच होतं. भारतीय इंग्रजीत हा शब्द दहन-दफनासाठीच रुळला आहे आणि त्यात चूक म्हणण्यासारखं काही नाही. शब्द जिथे जातो तिथलं पाणी पितो. पण तुमचा निवेदक भारतीय इंग्रजी बोलत नाहीये. त्याच्या लास्ट राइट्स माणूस जिवंत असतानाच्या.

ओळखायचं कसं, तर नामाकडे बघू नका, क्रियापदाकडे बघा. परफॉर्म्ड, हेल्ड, कंडक्टेड असेल तर बहुतेक वेळा माणूस गेलेला आहे आणि विधी त्याच्या देहावर चालला आहे. रिसीव्ह्ड, गिव्हन, अॅडमिनिस्टर्ड असेल तर माणूस अजून आहे, त्याला काहीतरी दिलं जातंय आणि तो ते घेतोय. मराठीतही हा फरक आपोआप होतो. मृतदेहा*वर* संस्कार *करतात*, माणसा*ला* संस्कार *देतात*. तुमच्या वाक्यात ‘त्यांच्यावर’ आलं तिथेच केनेडी गेले.

अंत्येष्टी हा शब्द तर अजिबात नको. अंत्य अधिक इष्टी, म्हणजे शेवटचा यज्ञ. त्यात आहुती देहाचीच असते.

आणि एक. मूळ इंग्रजीत तो शब्द अनेकवचनीच वापरतात. ‘लास्ट राइट’ असं एकेरी कोणी म्हणत नाही. का, ते वसई-गोव्याकडचं कोणी सांगेल. मी ऐकीव माहितीवर जास्त बोलत नाही. (पूर्वी बोलायचो, दुसऱ्या दिवशी शुद्धिपत्रक द्यावं लागायचं.)

---

ऋतंभरा७

राइट = ऋत = रीत. शब्द आपलाच आहे. लॅटिनवाल्यांनी उचलला. मराठीत सरळ ‘अंतिम रीत’ लिहा.

---

निवृत्त_उपसंपादक

ऋतंभरा, जरा सबुरीनं. इंग्रजी शब्द लॅटिन ‘रिटुस’वरून आला, इथपर्यंत वाद नाही. त्याच्या मागे कोणता मूळ धातू, यावर भाषाशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. ‘रीती’ मात्र आपल्याकडे ‘री’ या धातूवरून सांगतात, अर्थ वाहणं, जाणं. म्हणून रीती म्हणजे आधी प्रवाह, मग वळण, मग पद्धत. संस्कृत काव्यशास्त्रकार वामनानं ‘रीतिरात्मा काव्यस्य’ (रीती हा काव्याचा आत्मा) म्हटलं तेव्हा त्याला शैली म्हणायचं होतं, पूजाअर्चा नव्हे. दोन शब्द सारखे ऐकू येतात म्हणून सोयरे होत नाहीत.

आणि ‘अंतिम रीत’ वाचून मला तरी शिवणाचा शेवटचा टाका आठवतो.

---

वसईची_लेक

उपसंपादक काका, बोलावलंत म्हणून आले. 😊

मधुरा, आधी आमच्या घरातलं सांगते. १९९८ च्या पावसाळ्यात माझी आजी न्यूमोनियानं अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी मान हलवली. पप्पांनी सायकलवरून जाऊन फादरांना आणलं. फादर आले, आम्हा सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, आजीचं पापनिवेदन ऐकलं. मग आम्हाला आत घेतलं, आजीच्या कपाळाला आणि दोन्ही तळहातांना पवित्र तेल लावलं, प्रार्थना म्हटली. शेवटी ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेत पवित्र केलेली भाकर, दिलं, पाण्याच्या घोटाबरोबर तिनं ते कसंबसं गिळलं. झालं. यालाच इंग्रजीत लास्ट राइट्स म्हणतात. तीन गोष्टी आहेत, म्हणून अनेकवचन.

त्यानंतर आजी सहा वर्षं जगली. दर नाताळात मला पैसे देताना म्हणायची, “घे, मी तेल लागलेली बाय आहे, माझा भरवसा नाही.”

म्हणजे केनेडींचं उदाहरण आम्हाला मुळीच विचित्र वाटत नाही. १९४७ मध्येही त्यांना एकदा दिल्या होत्या की! इंग्लंडात आजारी पडले, अॅडिसनचा आजार असल्याचं निघालं, आणि ‘क्वीन मेरी’ बोटीनं अमेरिकेला परतताना प्रकृती इतकी ढासळली की बोटीवरच संस्कार देण्यात आले. तुझ्या मालिकेत तेही असेल, पहिला भाग तपास. तिथेही पोचवला नाहीस ना त्यांना?

आता थोडं शास्त्र. आम्हा कॅथलिकांत सात संस्कार मानतात. हिंदूंच्या सोळा संस्कारांत शेवटचा अंत्येष्टी, तो मेल्यानंतरचा. आमच्या सातांत मेल्यानंतरचा एकही नाही. सगळे जिवंत माणसाचे. दफनविधी असतो, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) असते, पण तो सातांतला संस्कार नाही. माझ्या मते तुझा गोंधळ मुळात इथेच आहे. ‘शेवटचा संस्कार’ म्हटलं की हिंदू कानाला चिता दिसते आणि आमच्या कानाला तेलाची बाटली.

तेलाच्या संस्काराला पूर्वी इंग्रजीत ‘एक्स्ट्रीम अंक्शन’ म्हणत, म्हणजे अखेरचं विलेपन. त्यामुळे लोक इतके धसकायचे की फादर दारात दिसले की घरात रडारड. आजारी माणूस त्या रडण्यानंच अर्धा व्हायचा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, १९६३ मध्ये सांगितलं की याला ‘आजाऱ्यांचं विलेपन’ म्हणणं जास्त योग्य, आणि माणूस अगदी शेवटच्या घटकेला टेकेपर्यंत थांबायचं कारण नाही. पुढे १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी विधीही नव्यानं घालून दिला. म्हणून आता मोठ्या शस्त्रक्रियेआधीही तेल लावतात, म्हाताऱ्या माणसांना लावतात, आणि एकदा लावलं की पुन्हा नाही असंही नाही. पण तुझा प्रसंग १९५४ चा, म्हणजे जुन्या पद्धतीचा. त्या काळी डोळे, कान, नाक, ओठ, हात, पाय अशा इंद्रियांना तेल लावायचे, ज्यांच्या वाटे पाप घडतं म्हणून.

तिसरी गोष्ट माझी सर्वांत आवडती. मरणाच्या वाटेवरच्या माणसाला जे ख्रिस्तशरीर देतात त्याला लॅटिनमध्ये ‘व्हायाटिकम’ म्हणतात. अर्थ, वाटेसाठीची तरतूद. आपल्या भाषेत शिदोरी! खरं तर शेवटचा संस्कार म्हणायचा तर हाच, तेल नव्हे. तुझ्या उपशीर्षकात ‘शिदोरी’ बसली असती तर किती छान झालं असतं. पण संदर्भ नसलेल्याला वाटेल केनेडींना दशम्या बांधून दिल्या.

---

मधुरा_पुणे

वसईची लेक, दंडवत. पहिला भाग उघडून पाहिला. बोटीवरचा प्रसंग आहे. मी तिथे लिहिलं होतं, ‘धर्मगुरूंना पाचारण करण्यात आलं’. वाचले! तेव्हा बहुधा सकाळी काम करत होते.

आणि ‘तेल लावलं’ वाचून बाबा म्हणाले, “आमच्याकडे तेल लावून गेला म्हणजे पळाला.” त्यांना मी सध्या धाग्यापासून दूर ठेवते आहे.

एक शंका. ‘अभ्यंग’ शब्द वापरू का? तुमच्या मराठी पुस्तकांत तो दिसतो असं कोणीतरी म्हणालं.

---

वसईची_लेक

चर्चच्या पुस्तकात चालेल, तुझ्या पडद्यावर नको. अभ्यंग म्हटलं की तुमच्या प्रेक्षकाला नरक चतुर्दशीची पहाट, उटणं आणि मोती साबण दिसणार. माणूस मरणाच्या दारात, आणि बाहेर फटाके.

---

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो

मूळ प्रश्नातला दुसरा भाग सगळे विसरले, राइट म्हणजे फक्त एखादा विधी नव्हे. आमच्या शेजारच्या मल्याळी कुटुंबात लग्न होतं. पत्रिकेत छापलेलं, ‘सीरो-मलबार राइट’प्रमाणे विवाह. मी आपला समजलो, सीरो-मलबार नावाचा काही खास विधी असेल, सप्तपदीसारखा. पाहायला लवकर जाऊन बसलो. मुलीच्या काकांनी मग समजावलं, इथे राइट म्हणजे अख्खी परंपरा. उपासनेची भाषा, प्रार्थना, पंचांग, कारभार, सगळं त्यात आलं. तेही कॅथलिक, वसईचेही कॅथलिक, पोप एकच, पण वसईकर लॅटिन राइटचे आणि हे सीरो-मलबार राइटचे. कल्याणला त्यांचा स्वतंत्र धर्मप्रांत १९८८ पासून आहे, हे मला डोंबिवलीत जन्म काढून त्या दिवशी कळलं.

म्हणजे आपल्याकडे ‘शाखा’ म्हणतात तसं काहीसं. ऋग्वेदी, माध्यंदिन वगैरे. तंतोतंत नाही, पण पत्रिकेपुरतं चालेल.

रिच्युअल आणि सेरेमनीचं माझं अडाणी गणित : सेरेमनीत फीत कापली तरी चालते, धर्म लागत नाही. रिच्युअल रोज सकाळी चहाबरोबर पेपर वाचण्यालाही म्हणतात. राइट मात्र नेमून दिलेला, अमुक शब्द अमुक क्रमानं म्हणायचे असा, आणि तो झाला की माणसाचं काहीतरी बदलतं. कुमाराचा बटू होतो, बटूचा नवरा. ‘राइट ऑफ पॅसेज’ तेच. व्हान गेनेप नावाच्या अभ्यासकानं १९०९ मध्ये फ्रेंच पुस्तक लिहिलं त्यातून ते नाव रुळलं. हल्ली पहिल्यांदा दारू प्यायलाही लोक राइट ऑफ पॅसेज म्हणतात, त्याला इलाज नाही.

---

जोशी_बोरिवली

देवनागरीत ‘लास्ट राइट्स’ असंच ठेवा की. सगळ्यांना कळतं.

---

निवृत्त_उपसंपादक

जोशीबुवा, देवनागरीत राइट म्हणजे विधी, हक्क, बरोबर, उजवा आणि लिहिणे, पाचही. प्रेक्षकाला वाटेल केनेडींनी मृत्युपत्र केलं.

---

मधुरा_पुणे

सगळ्यांचे आभार. आत्ता फाइल पाठवली. काय केलं ते सांगते, कारण शेवटच्या भागात हाच शब्द पुन्हा आला आणि तिथे आणखी वेगळा पेच निघाला.

१९५४ साठी दोन पर्याय होते. ‘त्यांना अंतिम संस्कार देण्यात आले’, हे व्याकरणानं बरोबर, पण तीन सेकंदांत ‘ला’ आणि ‘वर’ यांतला फरक कोण बघतो? डोळा ‘अंतिम संस्कार’ वाचणार आणि माणूस मारणार. म्हणून लिहिलं, ‘वाचण्याची आशा उरली नाही. / धर्मगुरूंनी मृत्युशय्येवरचे संस्कार दिले.’ ‘मृत्युशय्या’ घातल्यामुळे केनेडी अंथरुणावर राहतात, चितेवर जात नाहीत. पहिली ओळ मुळात नाही, हे मान्य. पण इंग्रजी प्रेक्षकाला दोन शब्दांत जे कळतं तेवढंच मी दिलं.

चौथ्या भागात २२ नोव्हेंबर १९६३, डॅलसचं रुग्णालय. तिथे फादर येतात तेव्हा केनेडींच्या चेहऱ्यावर चादर ओढलेली असते. ते ती बाजूला करतात आणि कपाळाला तेल लावतात. निवेदक पुन्हा लास्ट राइट्सच म्हणतो. वसईच्या लेकीला रात्री निरोप पाठवून विचारलं, की मेलेल्याला कसं काय? ती म्हणाली, प्राण नक्की कोणत्या क्षणी गेला हे माणसाला कळत नाही, म्हणून अशा वेळी ‘जिवंत असशील तर’ अशा अटीवर संस्कार देतात. ते वाचल्यावर मी काही मिनिटं नुसती बसून होते.

तिथे मग ‘मृत्युशय्या’ चालेना. ‘फादरनी कपाळाला पवित्र तेल लावलं’ एवढंच लिहिलं. पडद्यावर दिसतंच आहे. आणि तीन दिवसांनंतरच्या आर्लिंग्टन दफनभूमीतल्या दृश्याला, जिथे निवेदक ‘फ्युनरल’ म्हणतो, तिथे माझा ‘अंत्यसंस्कार’ शेवटी हक्कानं वापरला.

बाबांनी चारही भाग परत पाहिले. म्हणाले, “आता ठीक. वेळेवर गेला.”